वनयात्री जॉन म्यूर

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर डन्बार नावाचे एक जुने बंदर आहे. तेथे २१ एप्रिल १८३८ रोजी जॉन म्यूर याचा जन्म झाला. पुढे उसळणारा समुद्र आणि मागे हिरवीगार शेते, अशा गावात वाढणाऱ्या मुलाला घराच्या चार भिंती कशा मानवणार? सुट्टीचा दिवस उजाडला की जॉन आपल्या सोबत्यांसह रानाच्या वाटेने धावत सुटे. धावता धावता दहा-बारा मैल मागे पडले तरी या मुलांना परतीची आठवण होत नसे. घरी पोहोचल्यावर कडक स्वभावाच्या वडिलांचा मार ठरलेलाच असे. तरीही पुढच्या सुट्टीला पावले पुन्हा रानाकडेच वळत.

जॉन अकरा वर्षांचा होता, तेव्हा, १८४९ साली, त्याचे कुटुंब अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन प्रांतातील जंगल तोडून तेथे शेती करू लागले. खेळण्याचे दिवस तेथेच संपले. बाराव्या वर्षी जॉनच्या हाती नांगर आला. काही वर्षांनी नव्या शेतावर विहीर खणण्याचे काम निघाले. खाली कठीण वालुकाश्म लागला, तेव्हा वडिलांनी जॉनला एकट्यालाच बादलीत बसवून खाली सोडण्यास आरंभ केला. छिन्नी आणि हातोडा घेऊन तो महिनोन् महिने दगड फोडत राहिला. विहीर सुमारे ऐंशी फूट खोल गेली असता एके सकाळी तळाशी साचलेल्या दूषित वायूने तो गुदमरला आणि शुद्ध हरपण्याच्या बेतात कसाबसा वर ओढला गेला. एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर त्याला पुन्हा त्याच विहिरीत उतरावे लागले. वडिलांच्या या कठोरपणाचे समर्थन करणे अवघड आहे.

अशा कष्टांतही जॉनची बुद्धी स्वस्थ बसली नाही. पहाटे एक वाजता उठून तो पुस्तके वाची आणि लाकडाची चाके कोरून घड्याळे तयार करी. त्याने एक पलंगही बनविला होता. ठरलेली वेळ झाली की तो पलंग कलंडे आणि निजलेल्याला उभे करी! ही यंत्रे १८६० साली मॅडिसन येथील प्रदर्शनात मांडली गेली आणि त्यांची मोठी वाहवा झाली. पुढे तेथील विद्यापीठात शिकत असताना एका विद्यार्थ्याने त्याला एका मोठ्या वृक्षाचे फूल दाखविले. तो उंच वृक्ष आणि वाटाण्याचा नाजूक वेल ही दोन्ही एकाच कुळातील आहेत, हे त्या फुलाच्या रचनेवरून त्याला उमगले. तेव्हापासून वनस्पती शोधीत हिंडण्याचा त्याला छंदच जडला.

परंतु पोटासाठी काम करणे भाग होते. म्यूरने इंडियानापोलिस शहरात गाड्यांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात नोकरी धरली. त्याच्या यंत्रकौशल्यावर मालक प्रसन्न होते आणि त्याला बढती देण्याचा त्यांचा विचार चालू होता. इतक्यात, मार्च १८६७ मध्ये, एक भयंकर अपघात घडला. यंत्राचा सैल पडलेला पट्टा दुरुस्त करण्यासाठी तो कानशीच्या टोकाने पट्ट्याची शिवण उसवीत होता. कानस एकाएकी निसटली आणि तिचे टोक उजव्या डोळ्यात घुसले. त्या डोळ्यापुढे अंधार पसरला. काही तासांतच धक्क्याने डावा डोळाही निकामी झाला. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट तरुण एका दिवसात आंधळा झाला.

पहिल्या वैद्याने उजव्या डोळ्याची आशा सोडण्यास सांगितले. मित्रांनी मग एका नेत्रतज्ज्ञाला आणले. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यास दृष्टी बऱ्याच अंशी परत येईल, असा त्या तज्ज्ञाने धीर दिला. म्यूर चार आठवडे अंधारात पडून राहिला. ओळखीच्या घरांतील मुले त्याला भेटावयास येत. त्यांना गोष्टी सांगण्यात वेळ जाई. पण मुले निघून गेली, की न पाहिलेली अरण्ये त्याच्या मनासमोर उभी राहत. जग पाहण्यापूर्वीच डोळे जातात की काय, या विचाराने त्याचा जीव व्याकूळ होई. दृष्टी परत मिळाली, तर ती यंत्रांपुढे खर्च करावयाची नाही, असा त्याने निश्चय केला. डावा डोळा पूर्ववत झाला, उजव्यालाही हळूहळू दिसू लागले. आणि प्रकृती सुधारताच म्यूरने कारखान्याचा निरोप घेतला.

१ सप्टेंबर १८६७ रोजी तो प्रवासास निघाला. ओहायो नदीपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे एक हजार मैल पायी चालत जाण्याचा त्याचा बेत होता. त्यातही त्याने राजमार्ग टाळून दाट झाडीच्या, कमी वहिवाटीच्या वाटा निवडल्या. पाठीवरच्या लहानशा पिशवीत एक कंगवा, टॉवेल, साबण, एक बदलण्याचा कपडा आणि दोन-तीन पुस्तके एवढाच संसार होता. वनस्पती दाबून ठेवण्याची एक लाकडी चौकट मात्र त्याने आठवणीने बरोबर घेतली होती.

अमेरिकेतील यादवी युद्ध संपून त्या वेळी दोनच वर्षे लोटली होती. दक्षिणेकडील गावे उजाड पडली होती आणि डोंगरांतून लुटारूंच्या टोळ्या वावरत होत्या. वाटेत एका घोडेस्वाराने मोठ्या अगत्याने त्याची पिशवी उचलून घेतली आणि घोडा पुढे पिटाळला. म्यूर धावत धावत त्याला गाठतो, तोच त्याची झडती संपली होती. साबण आणि पुस्तके पाहून निराश झालेल्या त्या गृहस्थाने पिशवी मुकाट्याने परत केली! दुसऱ्या एका प्रसंगी दहा दांडगे स्वार वाट अडवून उभे राहिले. म्यूर न डगमगता त्यांच्यामधून चालत गेला. त्याच्याजवळच्या पाल्यावरून त्यांनी त्याला झाडपाल्याचा गरीब वैदू समजून सोडून दिले असावे.

सव्हाना शहरी पोहोचला, तेव्हा त्याच्याजवळचे पैसे संपत आले होते आणि भावाने पाठविलेले पैसे आले नव्हते. रात्री निजावे कोठे? शहराबाहेर बोनाव्हेंचर नावाची एक विस्तीर्ण दफनभूमी होती. भुतांच्या भयाने तेथे चोरसुद्धा फिरकत नसत, म्हणून म्यूरने तीच जागा पसंत केली. राखी रंगाच्या जटा अंगावर मिरविणारे प्रचंड ओक वृक्ष, त्यांच्या तळाशी थडगी आणि झुडपांत फांद्यांची केलेली एक खोपी, असा त्याचा काही दिवसांचा मुक्काम होता. कोरड्या बिस्किटांवर दिवस काढता काढता त्याला चालताना भोवळ येऊ लागली. भुते काही त्याला भेटली नाहीत. परंतु रात्रभर डास मात्र अंगावर तुटून पडत. पैसे हाती आल्यावर तो तेथून फ्लॉरिडात उतरला आणि दलदलीच्या प्रदेशातून चालत २३ ऑक्टोबर रोजी आखाताच्या काठी सीडर की या गावी पोहोचला.

हजार मैलांची वाट सरली होती. पण शरीरात रोगाने घर केले होते. पुढे जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत असता तो तेथील लाकूड कापण्याच्या गिरणीत काम करू लागला. थोड्याच दिवसांत त्याला कडाक्याचा ताप भरला. गावातून औषध घेऊन परतताना तो रस्त्यात अनेकदा कोसळला. अखेर गिरणीपाशी पोहोचला, तेव्हा पहारेकऱ्याला तो दारू प्यालेला वाटला. हा हिवताप होता. डास चावल्याने हिवताप होतो, हे त्या काळी कोणासही ठाऊक नव्हते. तीस वर्षांनी, १८९७ साली, आपल्या देशातील सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस याने डासाच्या पोटात या रोगाचे जंतू शोधून काढले. म्यूरच्या काळी लोक दलदलीतील दूषित हवेला दोष देत.

गिरणीच्या मालकाने बेशुद्ध म्यूरला आपल्या घरी नेले. मालकाने व त्याच्या पत्नीने सुमारे तीन महिने त्या परक्या वाटसरूची शुश्रूषा केली आणि त्याला कोयनेलचे कडू डोस पाजले. म्यूरचा जीव वाचला तो त्यांच्या सेवेमुळे, हे विसरता कामा नये. अंगणापर्यंत जाण्याची शक्ती येताच तो काठावरच्या ओक वृक्षाखाली जाऊन पडे आणि समुद्रपक्ष्यांचे थवे न्याहाळी. पायांवर सूज होती, रात्री घामाने अंथरूण भिजे. तरी दिवसा टिपणवहीत पक्ष्यांची नोंद होई.

जानेवारी १८६८ मध्ये तो क्यूबा बेटावर गेला. तेथील डोंगर त्याला खुणावत होते. पण थकलेल्या देहाला चढण सोसेना. किनाऱ्यावर हिंडण्यावरच त्याला समाधान मानावे लागले. तेथून दक्षिण अमेरिकेतील घनदाट अरण्यात जाण्याचा त्याचा विचार होता. जहाज मिळाले नाही आणि ताप पाठ सोडीना, तेव्हा तो बेत त्याने सोडला. मनात धरलेली वाट सोडून देणे त्याला जड गेले. परंतु त्या अवस्थेत तो उष्ण दलदलीत शिरला असता, तर बहुधा परतला नसता. थंड हवेच्या शोधात तो कॅलिफोर्नियाकडे वळला. मार्च १८६८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरताच त्याने शहराबाहेर पडण्याची वाट विचारली आणि तो सिएरा नेव्हाडा पर्वताच्या दिशेने चालू लागला. वाटेतील खोरे फुलांनी इतके भरून गेले होते, की पावलागणिक शेकडो फुले पायांखाली येत. डोंगरातील कोरड्या, शीतल हवेत त्याच्या अंगी हळूहळू पूर्वीचे बळ आले.

योसेमिटीच्या दरीत त्याने अनेक वर्षे काढली. चहा आणि वाळलेला पाव बरोबर घेऊन तो दिवसचे दिवस एकटा शिखरे पालथी घाली. ती खोल दरी भूकंपाने जमीन खचून झाली, असे त्या काळच्या एका विख्यात भूशास्त्रज्ञाचे मत होते. म्यूरने खडकांवरील ओरखडे तपासले आणि हिमनद्यांनी ही दरी कोरली आहे, असे प्रतिपादन केले. त्याला अडाणी धनगर म्हणून हिणविण्यात आले. १८७२ साली त्याने एका हिमनदीत खुंट्या रोवल्या आणि ते बर्फ दिवसाला सुमारे एक इंच सरकते, हे दाखवून दिले. दरीच्या घडणीत हिमनद्यांचा मोठा वाटा आहे, हे पुढे शास्त्रज्ञांनी मान्य केले.

१८८० साली विवाह झाल्यावर म्यूर सासऱ्यांच्या फळबागा पाहू लागला. बागा बहरल्या, पण त्याची प्रकृती ढासळली. वजन घटले, खोकला जडला. पत्नी लुई हिने हे ओळखले आणि बागेचा व्याप कमी करून डोंगरात जाण्याचा त्याला आग्रह केला. १८९० साली तीव्र खोकला असतानाच तो अलास्काला गेला. स्वतः बनविलेली तीन फूट लांबीची घसरगाडी ओढीत बावन्न वर्षांचा म्यूर दहा-अकरा दिवस एकटाच हिमनदीवर हिंडला. बर्फाच्या झगझगाटाने त्याचे डोळे सुजले. ओल्या पट्ट्या बांधून त्याला पडून राहावे लागले. एकदा पाण्याने भरलेल्या भेगेत तो गळ्यापर्यंत बुडाला आणि ती रात्र त्याने कुडकुडत काढली. तरी परतताना खोकला नाहीसा झाला होता! खोकला झालेल्याने बर्फावर निजावे, असे कोणताही वैद्य सांगणार नाही. म्यूरला ते मानवले, एवढेच.

ज्या रानांनी त्याला बळ दिले, त्यांवर आता कुऱ्हाड चालू लागली होती. म्यूरने लेख लिहून लोकांना जागे केले. १८९० साली योसेमिटी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि १८९२ साली त्याने मित्रांसह सिएरा क्लब ही संस्था काढली. १९०३ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याच्याबरोबर तीन रात्री उघड्यावर राहिले. हा अध्यक्षही लहानपणी दम्याने बेजार झालेला होता. त्याच वर्षी म्यूर जगाच्या प्रवासाला निघाला. वाटेत आजारपणाने खंगला, तरी हिमालयातील देवदार पाहण्यासाठी तो भारतात आला.

१९०५ साली पत्नीचे निधन झाले. धाकटी कन्या हेलन फुप्फुसाच्या विकाराने आजारी होती. तिला कोरड्या हवेसाठी वाळवंटी प्रदेशात ठेवावे लागले. हेच हेची नावाची रम्य दरी धरणापासून वाचविण्यासाठी त्याने अनेक वर्षे झुंज दिली; पण सॅन फ्रान्सिस्कोला पाणी हवे होते आणि १९१३ साली धरणाला मंजुरी मिळाली. हा पराभव त्याच्या जिव्हारी लागला.

डिसेंबर १९१४ मध्ये तो हेलनला भेटावयास वाळवंटातील तिच्या घरी गेला. अलास्कावरील अपुऱ्या पुस्तकाची हस्तलिखित पाने त्याने बरोबर घेतली होती. तेथे त्याला न्यूमोनिया झाला. लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात २४ डिसेंबर १९१४ रोजी त्याने देह ठेवला. त्या वेळी हिमनद्यांची वर्णने असलेली ती पाने त्याच्या जवळच होती. ते पुस्तक पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले.