पुन्हा कोलंबियाच्या प्रांगणात

५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना एल.एल.डी. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. भारतीय राज्यघटनेच्या शिल्पकाराचा, समाजसुधारकाचा आणि मानवी हक्कांच्या कैवाऱ्याचा हा गौरव होता. बाबासाहेबांच्या दृष्टीने मात्र या सोहळ्याला आणखी एक अर्थ होता. ज्या शहराने तरुणपणी त्यांना माणूस म्हणून जगण्याचा पहिला अनुभव दिला, त्या शहरात ते परतले होते.

१९१३ च्या जुलैमध्ये भीमराव आंबेडकर प्रथम न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. वडील रामजी सुभेदार यांचे त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन झाले होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती हाच काय तो आधार. त्यातूनही पोटाला चिमटा घेऊन ते मुंबईला रमाबाईंकडे पैसे पाठवीत. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती होता. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

या शहरात त्यांना कोणी जात विचारली नाही. शाळेत स्वतंत्र तरटावर बसलेल्या आणि पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागलेल्या या विद्यार्थ्याला इथे सर्वांसोबत एकाच मेजावर जेवता येत होते. मिळालेल्या संधीचे त्यांनी सोने केले. लो ग्रंथालयात तासन् तास बसून त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञान या विषयांचा फडशा पाडला. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती व यंत्रणा यावर निबंध वाचला. जातिसंस्थेच्या चिकित्सेची त्यांची वाट तिथून सुरू झाली.

सेलिग्मन, रॉबिन्सन, शॉटवेल अशा नामवंतांची व्याख्याने त्यांनी ऐकली. परंतु त्यांच्या विचारांवर सर्वांत खोल ठसा उमटला तो तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा. लोकशाही ही केवळ राज्य चालविण्याची पद्धत नसून परस्परांसोबत जगण्याची रीत आहे, ही ड्यूई यांची शिकवण त्यांनी कायमची आत्मसात केली. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणग्रंथात आपल्या या गुरूचे ऋण त्यांनी नावानिशी मान्य केले आहे.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये मायदेशी परतले. करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पण विद्वत्तेचे मोल तिथे चालले नाही. राहायला घर मिळेना. पारशी असल्याचे भासवून ज्या पथिकाश्रमात आसरा घेतला, तिथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. न्यूयॉर्कने दिलेले माणूसपण स्वदेशात काही दिवसांत हिरावले गेले. महाड, नाशिक, गोलमेज परिषद आणि पुढे घटना समिती हा सारा प्रवास ते माणूसपण सर्वांना मिळवून देण्यासाठीच होता. मधल्या काळात, १९३१ च्या अखेरीस, दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर ते अमेरिकेला धावती भेट देऊन आले होते.

१९५२ ची भेट मात्र वेगळ्या मनःस्थितीतली होती. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांना पराभव पत्करावा लागला होता. मधुमेह आणि सांधेदुखीने शरीर थकले होते. अशा वेळी जुन्या विद्यापीठाचे बोलावणे आले. वयाची नव्वदी ओलांडलेल्या ड्यूई यांना भेटण्याची ओढही मनात होती.

ती भेट झाली नाही. पदवीदान समारंभाच्या अवघे चार दिवस आधी, १ जून १९५२ रोजी, ड्यूई यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. बाबासाहेब पोहोचण्यापूर्वीच गुरू गेले होते. सेलिग्मन, रॉबिन्सन आणि गोल्डनवायझर त्याआधीच काळाच्या पडद्याआड गेले होते. विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालयही ‘लो’मधून नव्या इमारतीत गेले होते. आपली सारी बौद्धिक जडणघडण ड्यूई यांच्यामुळे झाली, ही भावना त्यांनी माईसाहेबांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली.

या भेटीनंतर साडेचार वर्षांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. कोलंबियाच्या लेहमन ग्रंथालयात आता त्यांचा अर्धपुतळा उभा आहे. ज्या विद्यापीठात ते पुस्तकांच्या शोधात आले होते, तिथेच आज नव्या पिढीचे विद्यार्थी त्यांचे ग्रंथ अभ्यासतात.