पीएचडी मिळाली, पण पटली नाही!

लॅबमध्ये जेल इलेक्ट्रोफोरेसिसचं प्रॅक्टिकल केलंय? करंट सुरू केला की डीएनएचे तुकडे जेलमधून सरकायला लागतात. छोटे झपाझप पुढे, मोठे रखडत मागे. विजेच्या जोरावर रेणू वेगळे करायची ही विद्या ज्यानं भरवशाची केली, त्या आर्ने टिसेलियसला भेटा.

जन्म १९०२चा, स्वीडनमधल्या स्टॉकहोमचा. वडील लवकर गेले. पुढे उप्साला विद्यापीठात त्याला गुरू भेटले ते थेट नोबेलविजेते स्वेडबर्ग. प्रोटीनच्या द्रावणात वीज सोडायची आणि कोण किती वेगानं सरकतं ते बघायचं, हा त्याचा विषय. १९३०मध्ये पीएचडी झाली. तुम्ही-आम्ही पार्टी केली असती, पण हा पठ्ठ्या नाराज! कारण विजेनं द्रावण तापायचं, तापलं की आतल्या आत ढवळलं जायचं आणि प्रोटीनच्या सीमारेषा पुसट व्हायच्या.

मग त्यानं विषयच बदलला. १९३४मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला गेला. तिथे प्रोटीनवर काम करणारे लोक भेटले, तेव्हा कळलं की आपण सोडलेला प्रश्न सगळ्यांनाच हवाय. परतल्यावर त्यानं यंत्र नव्यानं बांधलं. नळी चपटी, अरुंद केली, म्हणजे उष्णता चटकन बाहेर पडेल. तापमान ठेवलं ४ अंशांच्या आसपास. तिथे पाणी सगळ्यात घन असतं, त्यामुळे थोडंफार तापलं तरी फारसं ढवळत नाही.

आणि जमलं! रक्तद्रवातली प्रोटीन वेगळी दिसली: अल्ब्युमिन, शिवाय अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन. एका जर्नलनं हा पेपर नाकारला होता. १९३७मध्ये तो दुसरीकडे छापून आला आणि १९४८मध्ये टिसेलियसला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. १९७१मध्ये तो गेला.

त्याच्या नळीत फक्त द्रावण होतं. तिथे रेणूवरचा विद्युतभार जास्त महत्त्वाचा. आकारानुसार चाळायला जाळी लागते. ते काम पुढे जेलनं केलं. आज हीच चाळणी काचेच्या छोट्याशा चिपवर आलीये. केसाइतक्या बारीक वाटांमधून डीएनएचे तुकडे काही मिनिटांत लहान-मोठे वेगळे होतात. एवढं जोरदार व्होल्टेज कसं चालतं? वाट बारीक, म्हणून उष्णता लगेच निघून जाते. म्हणजे टिसेलियसचीच युक्ती की!

तेव्हा प्रोजेक्टला मार्क मिळाले तरी एखादी गोष्ट खटकत असेल, तर फाइल लगेच रद्दीत देऊ नका. चार वर्षांनी तीच परत उघडावीशी वाटेल.