महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड

सरकारी कचेऱ्यांतून आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींना फाइलीवरील विधि-अभिप्रायार्थ हा शेरा चांगलाच परिचयाचा असतो. आपल्याला हवा तोच अभिप्राय परत यावा, अशी इच्छा त्या शेऱ्यामागे पुष्कळदा दडलेली असते. म्हणूनच भारताचे पहिले महान्यायवादी मोतीलाल चिमणलाल सेटलवाड यांचे चरित्र आम्हांस मननीय वाटते.

१२ नोव्हेंबर १८८४ रोजी अहमदाबाद येथे त्यांचा जन्म झाला. कर्मभूमी मात्र मुंबई. वडील सर चिमणलाल हे नामांकित वकील. जालियनवाला बागेच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीत हिंदी सभासदांनी जो भिन्नमताचा अहवाल दिला, त्यात तेही होते. निर्भीडपणाचा वारसा असा घरातच होता. १९३७ मध्ये मोतीलाल मुंबई प्रांताचे महाधिवक्ता झाले आणि १९४२ च्या चलेजाव आंदोलनाच्या काळात त्यांनी ते पद सोडले. १९४७ साली पंजाब सीमा आयोगापुढे काँग्रेसची बाजू त्यांनीच मांडली.

जानेवारी १९५० मध्ये, वयाच्या ६५ व्या वर्षी, ते महान्यायवादी झाले. राज्यघटनेच्या ७६ व्या अनुच्छेदान्वये ही नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यांची मर्जी असेतोवर ती टिकते. देशातील कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा या अधिकाऱ्यास हक्क आहे. संसदेत बोलता येते, मत देता येत नाही. इंग्लंडात हे पद सरकारातील राजकीय व्यक्तीकडे असते. आपल्याकडे ते मंत्रिमंडळाबाहेर ठेवले आहे. पद असे मर्जीवर अवलंबून, आणि कर्तव्य मात्र मर्जी न पाहता सल्ला देण्याचे! ही कसरत सेटलवाडांनी तेरा वर्षे सांभाळली.

तिची कसोटी १९५८ साली लागली. आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याच्या प्रकरणी न्यायमूर्ती छगला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. सरकारचे अर्थमंत्री व वरिष्ठ अधिकारी साक्षीस उभे असता सेटलवाडांनी त्या व्यवहाराची पाठराखण केली नाही. सत्य शोधण्यास आयोगाला साहाय्य केले. अखेर अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाचा चौदावा अहवाल आला. उच्च न्यायालयांतील नेमणुकांत प्रादेशिक व जातीय विचार आणि सत्ताधाऱ्यांचा प्रभाव शिरल्याचे त्यात स्पष्ट नमूद आहे.

मात्र देशाची बाजू मांडण्याची वेळ आली की तेच सेटलवाड तितक्याच निष्ठेने उभे राहत. दादरा व नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली. त्या लढ्यात आपल्या मराठी तरुणांचा मोठा वाटा होता. तेथे जाण्याच्या वाटेचा हक्क मागत पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, तेव्हा भारतातर्फे युक्तिवाद करणाऱ्यांत सेटलवाड अग्रभागी होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्या वाहतुकीचा हक्क मान्य झाला, परंतु सैन्य, पोलीस व शस्त्रास्त्रे नेण्याचा नव्हे. आणि भारताने आपले दायित्व मोडलेले नाही, असेही ठरले.

१९६३ मध्ये ते निवृत्त झाले आणि १ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे देहावसान झाले. आपल्या मंडळाच्या परिवारातील कितीतरी कुटुंबे शासकीय सेवेनिमित्त परमुलखात आली व तेथेच रुजली. ज्याचे मीठ खावे त्याला खरे तेच सांगावे, ही इमानाची जुनी रीत त्यांच्या मुलाबाळांनी या गुजराती मुंबईकराच्या चरित्रातून जरूर उचलावी, एवढीच आमची इच्छा.