डॉ. पंजाबराव देशमुख आणि वऱ्हाडचा कुणबी

अमरावती जिल्ह्यांतील पापळच्या शेतकरी घराण्यांत १८९८ साली जन्मलेले पंजाबराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन, शिवाय ऑक्सफर्डची वेदवाङ्मयावरील डॉक्टरी घेऊन परतले. वकिलींत पैसा होता. आम्हां वकिलांस तो मोह ठाऊक आहे! परंतु काळी जमीन कापूस पिकवी आणि कुणब्याचे शेत सावकाराच्या वहींत जाई, हे त्यांस पाहवेना. प्रांतिक मंत्रिपदी असतां त्यांनी कर्जाचा प्रश्न हाती घेतला. १९३२ साली अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था काढिली, कारण अंगठा उठविणाऱ्यास नुसता कायदा तारीत नाही. पुढे १९५२ पासून दहा वर्षे केंद्राचे कृषिखाते सांभाळून १९६५ त ते वारले. त्यांच्या नांवाचे विद्यापीठ १९६९ त अकोल्यास निघाले. त्याच्या कुंपणापलीकडील कोरडवाहू शेतास पाणी केव्हां मिळणार, हे आम्ही सरकारास विचारितो.