विल्यम कूपर : यहुद्यांसाठी जर्मन वकिलातीचे दार ठोठावणारा आदिवासी पुढारी

१९३८ च्या नोव्हेंबरातील फुटक्या काचांच्या रात्रीची, म्हणजे क्रिस्टलनाख्टची हकीकत आपल्या मुलांना हल्ली शाळेतच कळते, मग ती मुले इस्राएलात वाढत असोत, इंग्लंडात असोत की ऑस्ट्रेलियात. परंतु त्या रात्रीनंतर चार आठवड्यांच्या आत मेलबर्नच्या जर्मन वकिलातीकडे निषेधाचा ठराव घेऊन जी मंडळी गेली, त्यांच्या पुढाऱ्याचे नाव आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. तो यहुदी नव्हता आणि युरोप त्याने पाहिलेला नव्हता. ज्या देशात तो जन्मला, त्या देशाच्या राज्यघटनेत आदिवासींना शिरगणतीत धरू नये असे कलम होते. त्या पुढाऱ्याचे नाव विल्यम कूपर.

कूपर ह्यांचा जन्म १८६० च्या सुमारास झाला. मरे व गोलबर्न ह्या नद्या जेथे मिळतात, तो योर्टा योर्टा ह्या आदिवासी जमातीचा मुलूख. आई त्या जमातीची, वडील गोरे मजूर. गोऱ्या जमीनदारांनी मेंढ्यांसाठी जमिनी घेरल्या होत्या. शिकार व मासेमारी आटली होती, रोगराईने माणसे मेली होती, आणि उरलेले लोक आपल्याच मुलुखात परक्यांची चाकरी करीत होते. डॅनियल मॅथ्यूज नावाच्या धर्मोपदेशकाने मरे नदीकाठी मालोगा येथे मिशन काढले, तेथे कूपर लिहावाचायला शिकले. मिसर देशातील गुलामगिरी आणि इस्राएल लोकांची तेथून झालेली सुटका ही कथा मालोगात आवडीने सांगितली जाई. जी कथा आपण दरवर्षी पेसाहच्या रात्री वाचतो, ती त्या नदीकाठच्या लोकांना स्वतःचीच वाटली, ह्यात नवल नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगाविशी वाटते. मालोगाच्या शाळेत १८८१ पासून जे मास्तर शिकवीत, ते थॉमस शॅड्रॅक जेम्स भारतीय वंशाचे होते. त्यांचा जन्म मॉरिशसमध्ये झाला होता. कूपर ह्यांच्या सावत्र बहिणीशी त्यांनी लग्न केले, आणि चाळीस वर्षे त्या लोकांची मुले शिकवली. अर्ज कसा लिहावा, सरकारशी कोणत्या भाषेत बोलावे, हे ज्या पिढीने ह्या मास्तरांकडून घेतले, तिच्यातून पुढे आदिवासी चळवळीचे अनेक पुढारी निघाले.

१८८८ च्या सुमारास मालोगातील बहुतेक लोक जवळच कमरागंजा ह्या सरकारी वसाहतीत गेले. लोकांनी रान तोडून शेते केली, गहू पिकवला, आणि पुढे सरकारने ती शेते काढून घेतली. १९०९ साली न्यू साउथ वेल्स राज्यात आदिवासींच्या संरक्षणाचा म्हणून कायदा झाला. संरक्षण हे नुसते नाव. वसाहतीत कोणी राहावे, कोणाला हाकलावे हे मंडळ ठरवी, आणि रोजचा कारभार मॅनेजरच्या हाती असे. १९१५ च्या दुरुस्तीनंतर तर कोर्टाची पायरीही न चढता आईबापांपासून मुले काढून नेण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. कूपर ह्यांनी ह्या काळात मेंढ्यांची लोकर कातरली, घोडे वळवले, गुरे हाकली, आणि मजूर संघटनेत राहून निरक्षर भाऊबंदांची पत्रे लिहून दिली. त्यांचा मुलगा डॅन पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातून लढताना १९१७ साली बेल्जियममध्ये मारला गेला. ज्या राजासाठी मुलगा मेला, त्याच्या राज्यात बापाला नागरिकाचे हक्क नव्हते. हे शल्य कूपर ह्यांना अखेरपर्यंत बोचत राहिले.

सत्तरी उलटल्यावर माणूस विसावा शोधतो. कूपर १९३३ साली घर सोडून मेलबर्नच्या फुटस्क्रे ह्या कामगार वस्तीत येऊन राहिले, कारण वसाहतीत राहणाऱ्या आदिवासीला वृद्धापकाळचे पेन्शन मिळत नसे, बाहेर राहिले तर मिळे. त्या तुटपुंज्या पेन्शनवर त्यांनी चळवळ चालवली. ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिन्स लीग ही संस्था काढून ते तिचे चिटणीस झाले. आर्थर बर्ड्यू ह्या गोऱ्या कामगार कार्यकर्त्याची त्यांना मोठी मदत झाली, पण संस्थेचे पूर्ण सभासदत्व आदिवासींनाच ठेवले होते. इंग्लंडच्या राजाला पाठविण्यासाठी त्यांनी एक अर्ज तयार केला. आमचा वंश नष्ट होऊ देऊ नये, आमची स्थिती सुधारावी, आणि संसदेत आमचा प्रतिनिधी असावा, एवढेच त्यात मागितले होते. दूरदूरच्या वसाहतींतून १,८१४ सह्या गोळा झाल्या. १९३७ साली तो अर्ज पंतप्रधान लायन्स ह्यांच्याकडे दिला. सरकारने घटनेचे कारण पुढे करून १९३८ साली तो राजाकडे न पाठविण्याचे ठरवले. त्याच वर्षी २६ जानेवारीला गोऱ्यांच्या आगमनास १५० वर्षे झाल्याचा उत्सव सिडनीत चालू असताना कूपर, विल्यम फर्ग्युसन व जॅक पॅटन ह्यांनी तेथेच शोकदिन पाळला.

आता त्याच वर्षी जगात काय चालले होते ते पाहू. जर्मनीत १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेतले होते. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ येथे बत्तीस देशांची परिषद भरली. निर्वासितांना कोण घेणार, हा प्रश्न होता. ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी टी. डब्ल्यू. व्हाइट ह्यांनी सांगितले की आमच्याकडे खरा म्हणावा असा वंशाचा प्रश्न नाही, आणि तो बाहेरून आणण्याची आम्हाला इच्छा नाही. कूपर ह्यांचा अर्ज सरकारच्या फायलीत पडून असताना हे भाषण झाले! (ज्या गोऱ्या धोरणापायी हे बोलले गेले, त्याच धोरणाने आपल्यासारख्या सावळ्या यहुद्यांनाही ह्या देशाचे दार १९६६ पर्यंत जवळजवळ बंद होते.) पुढे १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाने तीन वर्षांत १५,००० निर्वासित घेण्याचे जाहीर केले, पण महायुद्ध आड आले.

९ आणि १० नोव्हेंबरला जर्मनीत व ऑस्ट्रियात सिनेगॉग जाळले गेले, दुकाने फोडली गेली, सुमारे ३०,००० यहुदी पुरुषांना पकडून डाखाऊ, बुखेनवाल्ड व झाक्सेनहाउझेन येथील छळछावण्यांत टाकले गेले. वर यहुद्यांनाच एक अब्ज मार्कांचा दंड! मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत ह्या बातम्या आल्या. कूपर ह्यांच्या संस्थेने नाझी सरकारकडून यहुद्यांच्या होत असलेल्या क्रूर छळाचा निषेध करणारा व तो थांबवावा अशी मागणी करणारा ठराव केला. ६ डिसेंबर १९३८ रोजी संस्थेचे शिष्टमंडळ तो घेऊन कॉलिन्स स्ट्रीटवरील जर्मन वकिलातीत गेले. कॉन्सल डॉ. ड्रेक्सलर ह्यांनी त्यांना आत घेतले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि विषय संपला.

कूपर ह्यांच्या घराण्यात सांगतात की मंडळी फुटस्क्रेहून पायी चालत गेली. ७७-७८ वर्षांचे कूपर स्वतः चालले की नाही, ह्याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. ठराव त्यांच्या संस्थेचा होता आणि संस्थेचा प्राण ते होते, ह्याबद्दल मतभेद नाही. जगातला हा एकमेव निषेध होता, असेही काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. अमेरिकेत व इंग्लंडात सभा झाल्या, अमेरिकेने तर आपला राजदूत माघारी बोलावला. अशा अतिशयोक्तीची कूपर ह्यांना गरजही नाही. ज्यांना स्वतःच्या सरकारकडे दाद मिळत नव्हती, अशा मूठभर गरीब लोकांनी परक्या सरकारकडे दुसऱ्यांसाठी दाद मागितली, एवढे पुरेसे आहे.

हे नुसते दयेपोटी केलेले नव्हते. त्याच सुमारास कूपर ह्यांनी मंत्र्यांना कळवले की हिटलर यहुद्यांना कसे वागवतो ह्याचा सर्वांना संताप येतो, पण आम्हालाही येथे तसेच वागवतात, त्याचाही विचार व्हावा. ऑस्ट्रेलियात हुकूमशाही नव्हती, पत्र लिहिणाऱ्याला छावणीत टाकीत नव्हते, हा फरक मोठा आहे. तो आपण तरी विसरू नये. पण वंश पाहून नागरिकत्व नाकारणे, कोठे राहावे ते पोलिसाने ठरवणे, मुले हिरावणे, ह्या गोष्टी कूपर ह्यांना वर्तमानपत्रात वाचून समजून घ्याव्या लागल्या नाहीत. जर्मनीतून येणाऱ्या बातम्यांचा अर्थ त्यांना अनेक शहाण्या मुत्सद्द्यांच्या आधी कळला, तो ह्यामुळे.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३९ मध्ये, कमरागंजाचे सुमारे २०० लोक मॅनेजरच्या जाचाला कंटाळून वसाहत सोडून निघाले आणि मरे नदी ओलांडून व्हिक्टोरिया राज्यात गेले. फुटस्क्रेहून कूपर ह्यांनी त्यांची बाजू मांडली. सरकार नमले नाही. महायुद्ध सुरू झाल्यावर, आधी हक्क द्या, मग आमची मुले सैन्यात मागा, अशी त्यांची भूमिका होती. डॅनच्या बापाने असे म्हणण्यात काय चूक? थकलेले कूपर शेवटी आपल्या मुलुखात परतले, आणि २९ मार्च १९४१ रोजी मूरूप्ना येथे वारले. त्यांना कमरागंजाच्या मातीत पुरले. युरोपात यहुद्यांच्या सरसकट कत्तलीला त्यानंतर काही महिन्यांनी सुरुवात झाली.

त्यांच्या शिष्यांपैकी डग्लस निकोल्स १९७६ साली साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. शिरगणतीचे ते कलम १९६७ च्या सार्वमताने रद्द झाले. नव्वद टक्क्यांहून अधिक मते त्या बाजूने पडली. यहुद्यांना मात्र कूपर ह्यांची आठवण उशिरा झाली. २००२ साली मेलबर्नच्या होलोकॉस्ट सेंटरमध्ये पाटी लागली, २००९ साली इस्राएलात त्यांच्या नावाने ७० झाडे लावली गेली, आणि २०१० साली याद वाशेमने नाझींच्या प्रतिकाराच्या अभ्यासासाठी त्यांच्या सन्मानार्थ अध्यासन स्थापन केले. ६ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचा वयोवृद्ध नातू आप्तेष्टांसह फुटस्क्रेहून चालत जर्मन कॉन्सलकडे गेला. ह्या वेळी पत्र स्वीकारले गेले.

राजाकडे कधीच न गेलेल्या त्या अर्जात संसदेत एक प्रतिनिधी मागितला होता. मेलबर्नच्या उत्तरेकडील बॅटमन ह्या मतदारसंघाचे नाव बदलून कूपर असे ठेवण्यात आले, आणि २०१९ च्या निवडणुकीपासून त्या नावाने संसदेत सदस्य निवडून जातो.