नगरसेवक जोतीराव

वर्तकनगरमध्ये राहत असाल, तर महापालिकेच्या प्रभाग समितीचं ऑफिस तुम्हाला माहीत असेलच. निदान बाहेरून तरी. आत जायची वेळ येते ती घरातल्या मोठ्यांवर. पाणी कमी दाबाने येतंय, गटार तुंबलंय, मालमत्ता कराच्या बिलात नाव चुकलंय, झाडाची फांदी वायरवर आलीय... आपण आपलं कॉलेज, क्लास आणि ट्रेन यातच अडकलेलो असतो. त्यात ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनीच कारभार पाहिला. तुमच्यापैकी कित्येकांना मतदानाचा हक्क मिळाला तो याच काळात, म्हणजे हक्क आला पण नगरसेवक निवडायची संधी काही लगेच आली नाही. त्यामुळे नगरसेवक नेमकं करतो काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर त्यात नवल नाही.

त्याचं उत्तर शोधायला आज तुम्हाला जरा मागे नेतो. दीडशे वर्षं मागे, पुण्याला. भेटायचंय अशा माणसाला ज्याचा फोटो तुमच्या शाळेत होता, कॉलेजात आहे आणि दरवर्षी ११ एप्रिलला ज्याला हार घातला जातो. महात्मा जोतीराव फुले. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी' हे सगळं आपण परीक्षेत लिहून आलोय. पण १८७६ ते १८८२ अशी साधारण सहा वर्षं हा माणूस पुणे नगरपालिकेचा सभासद होता, आजच्या भाषेत नगरसेवक होता, हे कितव्या इयत्तेत शिकलात? आठवत नाही ना? बहुतेक पुस्तकांत ते एका ओळीत संपतं. आपण मात्र आज त्या एका ओळीतच थांबणार आहोत.

फुलांचं दुकान ते धरणाचा दगड

आधी थोडक्यात मागची गोष्ट. जोतीरावांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. घरचा धंदा फुलांचा, त्यावरूनच फुले हे आडनाव पडलं. मुलाला शिकवून काय करायचं, अशी कुणीतरी वडिलांची समजूत करून दिली आणि शाळा मध्येच सुटली. मग गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांचं मन वळवलं आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. १८४८ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तेव्हा त्यांचं वय होतं एकवीस. पुढच्याच वर्षी दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला.

हे झालं ओळखीचं. कमी ओळखीचं असं, की जोतीराव पक्के व्यावसायिक होते. बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा त्यांनी तिथे दगड पुरवला. कात्रजच्या बोगद्याचं कामही त्यांच्याकडे होतं. मांजरीला त्यांची शेती होती आणि भाजीचा व्यापार त्यांना लहानपणापासून माहीत होता. म्हणजे सरकारी काम कसं निघतं, अंदाजपत्रकात पैसे कुठे मुरतात, खडी फोडणाऱ्या मजुराच्या हातात शेवटी किती पडतं, हे त्यांनी जवळून बघितलेलं होतं. नगरपालिकेत बसायला यापेक्षा चांगली तयारी कोणती?

नेमलेला सभासद

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. जोतीराव निवडून आलेले नव्हते. त्यांना सरकारने नेमलं होतं. त्या काळी पुण्याच्या नगरपालिकेत सामान्य माणसाच्या मताला जागाच नव्हती. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव आला मे १८८२ मध्ये आणि लोकांनी निवडलेले सभासद दिसू लागले त्यानंतर. तोपर्यंत सभासद म्हणजे सरकारला पसंत असलेली शहरातली वजनदार मंडळी. ज्याने नेमलं तोच काढूही शकतो. अशा ठिकाणी माणूस साधारण काय करतो? मान डोलावतो. जोतीरावांनी काय केलं ते तीन प्रसंगांत बघू.

पहिला प्रसंग : एक हजार रुपये

१८८० च्या सुमाराची गोष्ट. व्हॉइसरॉय पुण्याला येणार असं ठरलं. शहर सजवायला हवं, रोषणाई हवी, स्वागत थाटात व्हायला हवं. त्यासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये मंजूर करावेत असा प्रस्ताव आला. आज हजार रुपयांत मित्रांबरोबर एक पार्टी होते. तेव्हा ही मोठी रक्कम होती आणि ती लोकांनी भरलेल्या करातून जाणार होती.

सभेत बसलेले सगळे सरकारने नेमलेले आणि पाहुणा सरकारचा सर्वांत मोठा माणूस. विरोध करणार कोण? जोतीरावांनी केला. हा पैसा पुण्यातल्या गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची भूमिका होती. ठरावावर मत घेतलं तेव्हा विरोधात मत पडलं फक्त एक. त्यांचं.

ठराव अर्थातच पास झाला. दिवे लागले. मग त्या एका मताचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. उपयोग हा, की मंजुरी एकमताने झाली असं कुणाला लिहिता आलं नाही. आज दीडशे वर्षांनी त्या स्वागतातला एकही दिवा आपल्याला आठवत नाही, ते एक मत मात्र आठवतं. आणि हेही विसरू नका, की जोतीराव काही इंग्रजांचा द्वेष करणारे नव्हते. इंग्रजी राज्यामुळे शिक्षणाचं दार उघडलं असं ते मानत. त्यांचा राग होता तो गरिबाचा पैसा श्रीमंताच्या थाटावर जाण्यावर. पाहुणा कोण, हा त्यांच्यासाठी मुद्दाच नव्हता.

दुसरा प्रसंग : गुत्त्यांचं पत्र

जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे काम पाहणारे प्लंकेट यांना पत्र लिहिलं. विषय होता शहरात वाढत चाललेली दारूची दुकानं. पूर्वी गावाच्या कडेला असणारे गुत्ते आता भरवस्तीत येत होते.

पत्रातला मुद्दा फार हुशारीचा होता. दारू वाईट, असा उपदेश कुणीही करतं. त्यांनी तो विषय नगरपालिकेच्या कामाशी जोडला. लोकांचं आरोग्य नीट राहावं म्हणून आपण सफाईवर, आरोग्य खात्यावर पैसे खर्च करतो. मग त्याच लोकांचं आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकानं वाढत असताना आपण गप्प कसे बसू शकतो? एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असाच तो प्रकार होता. दुकानांचे परवाने हा सरकारच्या महसुलाचा भाग होता. म्हणजे इथेही ज्यांनी नेमलं त्यांच्याच तिजोरीवर बोट ठेवलेलं. पण बोट ठेवलं ते लेखी, तारीख घालून, योग्य माणसाच्या नावाने.

तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जितक्या तक्रारी पडतात, त्यातल्या किती लेखी अर्ज होऊन प्रभाग समितीच्या टेबलावर पोचतात? आवक शिक्का मारलेली प्रत हातात असणं आणि ग्रुपवर अंगठा दाखवणं, यात फरक आहे तो इथेच.

तिसरा प्रसंग : मंडई

हा प्रसंग सगळ्यात गुंतागुंतीचा आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. तेव्हा पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात, उघड्यावर भरायचा. नगरपालिकेत मोठी, पक्की मंडई बांधायचा विचार पुढे आला. जोतीराव आणि त्यांचे सहकारी हरी रावजी चिपळूणकर यांनी त्याला विरोध केला. प्राथमिक शिक्षणाला पैसे नाहीत म्हणून सांगायचं आणि इमारतीवर मात्र मोठी रक्कम घालायची, हे त्यांना पटत नव्हतं. आपला माल घेऊन उघड्यावर बसणाऱ्या माळणीचा, शेतकऱ्याचा विचारही त्यांच्यासारख्या माणसाच्या मनात असणारच. पक्की इमारत आली की गाळा येतो आणि गाळा आला की भाडं येतं.

मंडई झाली. १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती सुरू झाली. पुण्याला गेलात तर आजही बघता येते, मधोमध उंच शिखर असलेली देखणी दगडी वास्तू. भाजीवाल्यांच्या डोक्यावर छप्पर आलं, शहराला बाजार मिळाला. मग जोतीराव चुकले का?

मला वाटतं, हा प्रश्न तुम्हीच वर्गात चर्चेला घ्यावा. एका बाजूने बघितलं तर स्वच्छ, पक्का बाजार हीसुद्धा लोकांचीच गरज असते. दुसऱ्या बाजूने, पैसे मोजकेच असतात तेव्हा आधी काय, हे ठरवावंच लागतं. जोतीरावांचा प्रश्न क्रमाचा होता. तो आजही जुना झालेला नाही. चौकाचं सुशोभीकरण आधी की महापालिकेच्या शाळेतलं स्वच्छतागृह आधी? स्वागत कमान आधी की पाण्याची नवीन लाइन आधी? प्रत्येक बजेटमध्ये हेच तर ठरतं.

आतून बघितलेला माणूस

ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीरावांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, ही त्यातली मागणी आपल्याला माहीत असते. त्याच निवेदनात नगरपालिकांबद्दलही मत आहे. मोठ्या शहरांतल्या नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च उचलावा, पण शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये, शिक्षण खात्याची देखरेख राहावी, असं त्यांनी सुचवलं.

गंमत बघा. स्थानिक संस्थांना जास्त अधिकार मिळावेत म्हणून सुशिक्षित मंडळी आनंदात होती आणि त्या संस्थेत सहा वर्षं बसलेला माणूस सांगत होता, की पैसे त्यांच्याकडून घ्या, पण डोळे उघडे ठेवा. सभेत कोण बसतं आणि कोणाची मुलं शाळेबाहेर राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. अधिकार खाली आला म्हणून तो आपोआप शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही, हे त्यांना आतून कळलं होतं.

पुढची वर्षं कष्टाची गेली. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. मे १८८८ मध्ये मुंबईत जाहीर सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. मग डाव्या हाताने लिहीत त्यांनी शेवटचं पुस्तक पूर्ण केलं. कंत्राटं घेणाऱ्या, शहराच्या सभेत बसलेल्या या माणसाला शेवटी पैशांची चणचण होती, यातच त्यांच्या कारभाराबद्दल सगळं आलं. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

आणि मग नाव बदललं

त्यानंतरची गोष्टही नगरपालिकेतच घडते. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत फुल्यांचा पुतळा उभारायचा प्रस्ताव मांडला तेव्हा शहरात मोठा वाद पेटला. ज्या सभेत जोतीराव बसले होते, तिथे त्यांच्या पुतळ्यालाही विरोध झाला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. जी इमारत नको म्हणून जोतीराव भांडले, तिच्यावरच त्यांचं नाव लागलं. आज पुणेकर नुसतं मंडई म्हणतात आणि भाव करत पुढे जातात.

आता परत आपल्या ठाण्यात या. आज मत द्यायला वय लागतं अठरा आणि नगरसेवकपदासाठी उभं राहायला एकवीस. म्हणजे भिडेवाड्यात शाळा काढणाऱ्या जोतीरावांच्या वयाला तुम्ही उमेदवारी अर्ज भरू शकता. उभं राहायचं नसेल तरी बरंच करता येतं. महापालिकेचं अंदाजपत्रक दरवर्षी जाहीर होतं, त्यात आपल्या भागासाठी काय आहे ते शोधा. रस्त्याच्या, नाल्याच्या कामाचा खर्च जाणून घ्यायचा असेल तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. प्रभाग समितीत तक्रार लेखी द्या, शिक्का मारलेली प्रत मागून घ्या.

आणि एकदा पाचपाखाडीला महापालिकेच्या नरेंद्र बल्लाळ सभागृहातली महासभा बघून या. विषयपत्रिकेवरचे विषय कंटाळवाणे वाटतील, एकामागून एक पटापट मंजूर होतील. तुम्ही फक्त एवढंच मोजा, की पैशांचा विषय निघाल्यावर हात वर करून प्रश्न कितीजण विचारतात.