लक्ष्मीबाई टिळक : एक घर, दोन धर्म

मनमाडसारख्या रेल्वेच्या गावी नवरा प्रॉटेस्टंट व बायको रोमन कॅथलिक असे घर असले, म्हणजे आप्त व मंडळी दोघांसही आपापल्या बाजूस ओढू लागतात. अशा घरांसाठी आम्ही आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका भगिनीचे चरित्र सांगतो.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ साली जलालपूर येथे झाला. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी त्यांचे लग्न लागले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि बाईंवर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूस घेऊन त्या काही वर्षे आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पुढे अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. बाईंनी स्वतः विचार करून जातिभेद टाकला व १९०० साली बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक प्रभूकडे गेले. त्यांचे अपूर्ण ‘ख्रिस्तायन’ बाईंनीच पूर्ण केले.

त्या दोघांतील अंतर केवढे मोठे होते! येथे तर दोघांचा तारणारा एकच आहे. म्हणून उपदेशक बंधूंनो, अशा जोडप्यासाठी प्रार्थना करा, सक्ती करू नका.